पहिली मात्रा सोडायची

सान्तियागो दे कुबाच्या एरेदिया रस्त्यावर ‘कासा दे ला त्रोवा’ आहे. १९६८ साली सुरू झालेलं गाण्याचं घर. भिंतींवर जुन्या गवयांच्या तसबिरी, समोर खुर्च्यांच्या रांगा. इथे बसलं की थोड्या वेळात कुणीतरी परदेशी पाहुणा ‘चान चान’ची फर्माईश करतोच. कोम्पाय सेगुन्दोचं हे गाणं जगभर गेलंय. वाजवणारी पोरं विशी-पंचविशीतली. एकमेकांकडे बघतात, हसतात आणि सुरू करतात. घर त्यावर चालतं, तेव्हा नाकं मुरडण्यात अर्थ नाही. पण ही पोरं जुन्या लोकांकडून नेमकं काय उचलतात ते संध्याकाळच्या कार्यक्रमात कळत नाही. त्यासाठी सकाळची तालीम गाठावी लागते.

मला ती गाठता आली ती तिथे त्रेस वाजवणाऱ्या एका मुलीमुळे. तिचे मास्तर सत्तरी ओलांडलेले. शहर चढ-उतारांचं, त्यात त्यांचं घर उतारावर. शिकवणी मागच्या पडवीत. वीज सकाळपासून गेलेली होती. लोडशेडिंगला तिथे आता कुणी दचकत नाही, आणि या संगीताला तसंही प्लगची गरज नाही.

त्रेस म्हणजे गिटारच्याच घरातलं, अंगाने थोडं लहान वाद्य. पोलादी तारा सहा, पण जोड्या तीन. आपल्या हिशेबाने प, सा आणि ग. कडेच्या जोडीत एक तार जाड आणि दुसरी तिच्या वरच्या सप्तकातली, त्यामुळे एक आघात केला तरी आवाज दुपदरी निघतो. तारा देशात सहजी मिळत नाहीत. हिच्या वाद्यावरच्या परदेशातल्या एका मावशीने धाडलेल्या, आणि पिक कुठल्याशा जुन्या प्लास्टिकच्या कार्डातून कापलेलं.

तिने तुम्बाओ धरला. तुम्बाओ म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणारा छोटा तुकडा. सोन नावाचं हे सगळं संगीत त्याच्यावर तोललेलं असतं. हात तयार होता. मुलगी संगीतशाळेत पाश्चात्त्य शास्त्रीय गिटार शिकून आलेली, बोटं स्वच्छ पडत होती. मास्तरांनी चार आवर्तनं ऐकली आणि म्हणाले, “पोरी, सगळं तूच बोललीस. आता बासवाल्याने काय करायचं?”

मग त्यांनी क्लावे उचलले. कठीण लाकडाचे दोन आखूड दांडू. डाव्या हाताची ओंजळ करून त्यात एक नुसता टेकवायचा, मुठीत आवळायचा नाही, नाहीतर आवाज मरतो. दुसऱ्याने त्याच्यावर मारायचं. सोळा मात्रा मोजल्या तर आघात पहिल्या, चौथ्या, सातव्या, अकराव्या आणि तेराव्या मात्रेवर. अर्ध्यात तीन, अर्ध्यात दोन. गाण्याची चाल मागेल तसं आधी तीन किंवा आधी दोन, पण एकदा ठरलं की गाणं संपेपर्यंत क्लावेची ही लय हलत नाही. बाकी सगळ्यांनी तिच्याभोवती जागा करून घ्यायची. तीनतालावर वाढलेल्या कानाला इथे खरी अडचण येते ती बासमुळे. आपण समेची वाट बघत असतो आणि बास नेमका पहिल्या मात्रेवर गप्प! तो आधीच, मागच्या आवर्तनाच्या शेवटी, बोलून मोकळा झालेला असतो. त्या रिकाम्या जागेमुळेच ऐकणाऱ्याचा पाय उचलला जातो.

मास्तरांची पद्धत वजाबाकीची. दर काही आवर्तनांनी ते एक सूर काढून टाकायला सांगत. कुठला, ते सांगत नसत. क्लावे वाजवता वाजवता नुसती भुवई वर जाई. चुकीचा सूर काढला तर “आत्रावेसादो!” म्हणजे क्लावेला आडवा गेलीस. तिथल्या वादकाला याहून वाईट शब्द सहसा ऐकावा लागत नाही. मी तिच्या उजव्या हाताकडे बघत होतो. सूर गेला तरी मनगटाची वरखाली थांबत नव्हती. पिक तारेला न शिवता वरून जायचं आणि पुढच्या घराला अचूक उतरायचं. न वाजलेली मात्राही हाताने वाजवायचीच, फक्त हवेत. शेवटी पहिल्या तुकड्यातले निम्मे सूर उरले असतील, आणि त्रेस दुप्पट मोठा वाटायला लागला.

हे शाळेत का शिकवलं नाही, असं विचारल्यावर तिने खांदे उडवले. क्युबातल्या संगीतशाळांचा पाया पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताचा, आणि तो पक्का. रस्त्यावरचं संगीत बराच काळ अभ्यासक्रमाच्या उंबऱ्याबाहेर राहिलं. त्रेस आत यायला एफ्राइन आमादोरसारख्यांना झटावं लागलं. आज पांचो आमात हे त्रेसचे मोठे उस्ताद मानले जातात आणि यारिमा ब्लांकोसारख्या रीतसर शिकलेल्या बायका त्रेस घेऊन मंचावर दिसतात. तरी भुवई वाचायला पडवीतच यावं लागतं.

‘बुएना व्हिस्ता सोशल क्लब’ची गोष्ट आपल्याकडेही ठाऊक आहे: १९९६ साली हवानाच्या एग्रेम स्टुडिओत विस्मरणात गेलेले म्हातारे जमले, पुढच्या वर्षी ध्वनिमुद्रिका आली आणि जग वेडं झालं. यात राय कूडर या अमेरिकन गिटारवादकाचं नाव पुढे असतं. मला मात्र हुआन दे मार्कोस गोन्सालेस जास्त महत्त्वाचा वाटतो. त्या म्हाताऱ्यांना गोळा केलं ते त्याने. आणि त्याच्या वीस वर्षं आधी, १९७६मध्ये, हवानाच्या विद्यार्थ्यांनी ‘सिएर्रा माएस्त्रा’ नावाचा ताफा काढून जुना सोन पुन्हा हातात घेतला, त्यात तो त्रेसवर होता. म्हणजे आधी पोरांनी सोन धरून ठेवला, मग म्हातारे उजेडात आले.

शिवाय ‘जुनं जसंच्या तसं’ असं काही नव्हतंच. १९२०च्या दशकात सहाजणांच्या ताफ्यात तुतारीसारखं ट्रम्पेट घुसलं आणि सातजण झाले. पुढे आर्सेनिओ रोद्रिगेस या अंध त्रेसवादकाने पियानो, कोंगा आणि आणखी ट्रम्पेट आणले, तेव्हाही कुरकुर करणारे असतीलच. आमची त्रेसवाली रात्री मित्रांबरोबर रेगेतोन, म्हणजे हल्लीचं नाचाचं संगीत, वाजवते. मास्तरांना माहीत आहे. त्यांचा आक्षेप एवढाच, की तिथून आल्यावर दुसऱ्या दिवशी तिचा हात घाई करतो.

दुपारकडे बाकीची मंडळी आली: बोंगो, माराका, गुइरो, बास. गाणं मोन्तुनोला, म्हणजे गवई आणि कोरसच्या सवाल-जवाबाला, पोचलं की बोंगोवाला बोंगो खाली ठेवून घंटा उचलतो आणि सगळ्यांचा जोर एकदम चढतो. इथे गवयाने ओळी जागच्या जागी जुळवायच्या असतात. मुलीने गाता गाता वीज कंपनीला चार शब्द सुनावले, पाचव्या ओळीत माझी जाड चप्पल आली. कोरस हसत हसत चुकला, क्लावे चुकली नाही.

बासवाला पुढच्या महिन्यात स्पेनला चाललाय. गेल्या काही वर्षांत इतकी तरुण माणसं देश सोडून गेलीत की ताफ्यात अशी बातमी आली तर लोक अभिनंदन करतात आणि लगेच बदली शोधतात. इथे बदली म्हणून गुइरोवाल्या पोराला उभं केलंय. सूर त्याला सापडतात. पहिली मात्रा मात्र सुटत नाही. दर आवर्तनाला तो तिच्यावर धप्पकन उतरतो. मास्तरांनी बाकीच्यांना जेवायला पाठवलं, त्याला थांबवून घेतलं आणि पुन्हा क्लावे उचलले.