आमवाताचा रुग्ण आणि त्याचे कामाचे ठिकाण

आमवाताच्या रुग्णास आपण औषध देतो, पथ्यापथ्य सांगतो आणि पंधरा दिवसांनी पुन्हा बोलावितो. परंतु दिवसाचे आठ तास तो जेथे घालवितो, त्या जागेविषयी आपण क्वचितच विचारतो. वैद्यबंधू-भगिनींचे लक्ष या उणिवेकडे वेधावे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

काही काळापूर्वी बार्शीतील एका डाळ मिलमध्ये निवडण्याचे काम करणारी चाळिशीतील एक भगिनी आमच्याकडे आली. सकाळी दीड-दोन तास तिची बोटे वळत नसत. दुपारनंतर हात मोकळे होत. "दुपारी चांगली काम करतेस, मग सकाळीच कशी दुखते?" असे मुकादम विचारी. रोजगार जाईल या भीतीने तिने आजाराविषयी कोणासही सांगितले नव्हते.

मुकादमाचा हा प्रश्न म्हणजे वस्तुतः या व्याधीचे लक्षणच होय. संधिगत वातात श्रमाने वेदना वाढतात व विश्रांतीने शमतात. आमवातात मात्र विश्रांतीनंतर, विशेषतः पहाटे, स्तब्धता अधिक असते व हालचालीने ती कमी होते. माधवकराने आमवाताचे निदान स्वतंत्र अध्यायात मांडताना विंचवाच्या दंशासारख्या वेदनेबरोबर ज्वर, अरुची, आलस्य व अंगगौरव ही लक्षणेही सांगितली आहेत. आधुनिक शास्त्रातील ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसशी या वर्णनाचे पुष्कळ साम्य आहे, तथापि दोन्ही सर्वस्वी एक नव्हेत. शोथ कधी वाढतो, कधी उतरतो, आणि थकवा तर बाहेरून दिसतच नाही. म्हणून सहकाऱ्यांस तो कामचुकारपणा वाटतो.

असे रुग्ण विरळ नाहीत. बार्शीहून कुर्डुवाडीमार्गे पुण्यास जाताना लागणाऱ्या भिगवण येथे डॉ. अरविंद चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली घरोघरी पाहणी केली. तीत प्रौढांमध्ये ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसचे प्रमाण सुमारे ०.५ टक्के, म्हणजे दोनशे जणांत एक, असे आढळले. स्त्रियांत हा आजार पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट आढळतो, आणि बहुधा ऐन कमावत्या वयात सुरू होतो.

कामाच्या ठिकाणी करावयाचे बदल बहुधा अल्पखर्चाचे असतात. कामाची वेळ तासभर पुढे ढकलून संध्याकाळी भरून घ्यावी. भुईवर बसण्याऐवजी स्टूल द्यावे. चाळणीच्या वा झाडूच्या मुठीस कापड गुंडाळून ती जाड करावी, म्हणजे बोटे घट्ट आवळावी लागत नाहीत. पोते उचलण्याऐवजी हातगाडी वापरावी. शिक्षकास तळमजल्यावरील वर्ग द्यावा. दर तासाला पाच मिनिटे उठून हालचाल करू द्यावी. रक्ततपासणीच्या दिवशी रजा मिळावी. शोथयुक्त सांध्यास विश्रांती हवी, परंतु रुग्णास कायमचे घरी बसविणे हा उपाय नव्हे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्यात आमवाताचे नाव नाही. मात्र सांध्यांत स्थायी वैगुण्य आल्यास अस्थिव्यंग म्हणून प्रमाणपत्र मिळू शकते, आणि ते शासनाने नेमलेला वैद्यकीय अधिकारीच देतो. शासकीय आस्थापनेने अशा कर्मचाऱ्यास वाजवी सोयी पुरवावयाच्या असतात. सेवेत असताना दिव्यांगत्व आले म्हणून त्यास काढता येत नाही वा त्याची पदावनती करता येत नाही. पूर्वीचे काम झेपत नसल्यास त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम द्यावे लागते. रोजंदारीवरील भगिनीपर्यंत हे संरक्षण सहसा पोहोचत नाही. तेथे वैद्याच्या शब्दासच वजन असते.

म्हणून केवळ "अंगदुखी, विश्रांती आवश्यक" असे प्रमाणपत्र देऊन भागत नाही. रुग्ण कोणते काम करू शकतो, कोणते टाळावे आणि किती काळ, हे त्यात लिहावे. रोगाचे नाव रुग्णाच्या संमतीवाचून लिहू नये. व्याधीची अवस्था अनुमती देत असेल तर विरेचन, बस्ती आदी उपक्रम तुरीच्या आवकेचा हंगाम टाळून योजावेत, म्हणजे रोजगार बुडत नाही. सांध्यांची हानी पहिल्या एक-दोन वर्षांतच होऊ लागते, म्हणून संधिरोगतज्ज्ञाचा सल्ला लवकर घ्यावा. त्यांनी सुरू केलेली औषधे आपण परस्पर बंद करू नयेत.

उपरोक्त भगिनीच्या संमतीने आम्ही मुकादमास चार ओळींचे पत्र दिले. तिची वेळ दहाची झाली, बसावयास स्टूल मिळाले. व्याधी गेलेली नाही, परंतु रोजगार टिकला आहे. रुग्णपत्रिकेत नाव, वय, प्रकृती यांच्या जोडीस आम्ही आता तीन प्रश्न लिहितो: काम किती वाजता सुरू होते, हातांनी काय करावे लागते, आणि तेथे कोणाशी बोलता येईल? आपणही ते विचारावेत, ही विनंती.