उमेदवारी कधी संपते?

मैदानामागचे अर्थकारण : लेखांक सातवा

३ ऑगस्ट २०१५ रोजी ओहायो राज्यातल्या टोलेडो शहरात माइक हेसमन फलंदाजीला आला, तेव्हा तिन्ही बेसवर त्याचे सहकारी उभे होते. त्याने चेंडू थेट कुंपणापलीकडे टोलवला. एका फटक्यात चार धावा झाल्या आणि अमेरिकेतील मायनर लीगमधला त्याचा ४३३वा होम रन नोंदला गेला. बझ आर्लेट यांचा ४३२ होम रनचा, अनेक दशके अबाधित राहिलेला विक्रम मोडला. हेसमन तेव्हा ३७ वर्षांचा होता आणि व्यावसायिक बेसबॉलमधला त्याचा हा विसावा हंगाम होता. मेजर लीगमध्ये मात्र त्याच्या वाट्याला आले १०९ सामने आणि १४ होम रन. हे आकडे वाचणारा बहुधा हळहळतो, की बिचाऱ्याला वर कायमची जागा मिळाली नाही. हळहळ प्रामाणिक आहे, पण तिच्यामुळे एक गोष्ट नजरेआड होते. असा फिरस्ता खेळाडू वीस वर्षे स्वप्नामागे धावत होता, तसाच वीस वर्षे कोणाचे तरी काम करत होता. त्या कामाकडे काम म्हणून न पाहण्यावरच मायनर लीगच्या वेतनाचे गणित बेतलेले होते.

मागच्या लेखांकात आपण फार्म सिस्टिमचा, म्हणजे मेजर लीगला खेळाडू पुरवणाऱ्या संलग्न संघांच्या रचनेचा, सांगाडा पाहिला. मेजर लीगचे ३० संघ आहेत आणि २०२१च्या फेररचनेनंतर प्रत्येकाच्या पदरी सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए आणि ट्रिपल-ए असे चार संलग्न संघ आहेत. या १२० संघांतल्या मोजक्याच मुलांवर मालकांची खरी भिस्त असते. पण बेसबॉल एकट्याने शिकता येत नाही. विशीतल्या होतकरू फलंदाजाला वळणारा चेंडू ओळखायचा असेल, तर तो अचूक टाकणारा गोलंदाज रोज समोर लागतो. नवख्या गोलंदाजाला कोणता चेंडू कधी टाकायचा हे सांगायला जाणता कॅचर लागतो. १९८८च्या ‘बुल डरहॅम’ या चित्रपटातला क्रॅश डेव्हिस नेमका याच कामासाठी धाडलेला असतो. दिग्दर्शक रॉन शेल्टन स्वतः ओरिओल्सच्या मायनर लीग संघांतून खेळलेले होते, त्यामुळे हा व्यवहार त्यांना आतून ठाऊक होता. ज्याला घडवायला त्याला धाडलेले असते, तो वेगवान, बेशिस्त गोलंदाज पोरगा मेजर लीगमध्ये जातो आणि डेव्हिसला संघ सोडून देतो, कारण त्याचे काम झालेले असते.

अशा खेळाडूला इंग्रजीत ‘जर्नीमन’ म्हणतात. गावोगाव बसने फिरणाऱ्याला तो शब्द शोभतो खरा, पण त्याचे मूळ ‘दिवस’ या अर्थाच्या जुन्या फ्रेंच शब्दात आहे. उमेदवारी पुरी करून रोजच्या मजुरीचा हक्क मिळवलेला, पण स्वतःचे दुकान नसलेला कारागीर म्हणजे जर्नीमन. मेजर लीगची भूमिका याच्या नेमकी उलट होती. तिच्या मते मायनर लीग म्हणजे कारकीर्द नव्हे, थोड्या काळाची हंगामी उमेदवारी. मार्च २०१८मध्ये खर्चाच्या अवाढव्य विधेयकात सामावून मंजूर झालेल्या कायद्याने या भूमिकेला बळ दिले. खेळाडू कितीही तास राबला, तरी आठवड्याला ४० तासांचे किमान वेतन पुरेसे ठरले, आणि तेही फक्त हंगामापुरते. २०२२ साली ट्रिपल-एमधले किमान वार्षिक वेतन १७,५०० डॉलर होते आणि सिंगल-एच्याही खालच्या रूकी पायरीवर अवघे ४,८०० डॉलर. मात्र २०१४पासून चाललेल्या एका दाव्यात न्यायाधीश जोसेफ स्पेरो यांनी मार्च २०२२मध्ये स्पष्ट केले, की हे खेळाडू प्रशिक्षणार्थी नसून वर्षभराचे कर्मचारी आहेत. पुढे मेजर लीगने १८.५ कोटी डॉलर देऊन तडजोड केली.

यावर पहिला आक्षेप असा, की कोणी बळजबरी केली होती? परवडत नसेल त्याने सोडावे. सोडता येत होते, पण दुसरा मालक निवडता येत नव्हता. ड्राफ्टमध्ये ज्या संघाने निवडले, त्याच्याशीच सुमारे सात हंगाम बांधून राहावे लागे, आणि १९२२च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बेसबॉलला मक्तेदारीविरोधी कायद्यातून सूट मिळाली होती. ज्या बाजारात एकच गिऱ्हाईक आहे, तिथल्या किमतीला राजीखुशीचा भाव म्हणता येत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. बंधनातून सुटलेला अनुभवी खेळाडू स्वतः करार करतो आणि किमानापेक्षा बरेच अधिक मिळवू शकतो. शिवाय मेजर लीगमध्ये दोन आठवडे बोलावणे आले, तर २०२३च्या किमान ७,२०,००० डॉलरच्या हिशेबाने दिवसाला साडेतीन हजारांहून अधिक डॉलर पदरात पडतात. हे खरे आहे. पण तिथवर पोहोचायला आधीची तुटपुंजी वर्षे तगून काढावी लागतात. त्या चाळणीत कौशल्याइतकीच घरची ऐपतही तपासली जाते.

सप्टेंबर २०२२मध्ये मायनर लीगचे खेळाडू मेजर लीगच्या खेळाडूंच्या संघटनेत सामील झाले. मार्च २०२३च्या पहिल्या सामूहिक करारात रूकी पायरीचे किमान वेतन १९,८०० आणि ट्रिपल-एचे ३५,८०० डॉलर झाले. १९ वर्षांचे किंवा त्याहून मोठे असताना करार करणाऱ्यांचे बंधन एका वर्षाने घटले. टीकाकार म्हणतात, वेतन वाढले की जागा जातात. आणि याच करारात २०२४पासून प्रत्येक संघाची देशांतर्गत खेळाडूंची मर्यादा १८०वरून १६५वर आणायला मुभा मिळाली. ही कात्री होतकरू मुलापेक्षा पंचविशी ओलांडलेल्या फिरस्त्यावरच आधी चालण्याची भीती आहे, हे मान्य केलेच पाहिजे. पण २०२१च्या फेररचनेत चाळीसहून अधिक संघांची संलग्नता गेली, तेव्हा वेतन तुटपुंजेच होते. कमी पगाराने नोकऱ्या वाचल्या नाहीत. मग पगार कमी ठेवण्याचे समर्थन त्या नोकऱ्यांच्या नावाने करता येणार नाही.

हेसमनने त्या हंगामानंतर बॅट खाली ठेवली. टोलेडो ज्या डेट्रॉइट टायगर्सचा संलग्न संघ, त्यांनीच त्याला आपल्या मायनर लीगच्या मुलांना फलंदाजी शिकवायला नेमले. ज्या व्यवस्थेने मायनर लीगला उमेदवारी म्हटले, तिनेच एका फिरस्त्याला गुरूची जागा दिली. आता त्या कामाला प्रशिक्षक हे नाव होते. मैदानावर असताना मात्र असल्या शिकवण्याला ना वेगळे नाव होते, ना वेगळा मोबदला. पुढच्या लेखांकात संलग्नता गमावलेल्या गावांकडे वळू.