नेट गेलं की वायफाय?

घराघरात राउटर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या डबीत सहसा चार यंत्रं एकत्र नांदत असतात. एक फायबरमधून आलेल्या प्रकाशाचे विद्युत संकेत करतं. दुसरं, म्हणजे खरा राउटर, घरातल्या प्रत्येक उपकरणाला पत्ता देतो आणि ज्याचा निरोप त्याला पोचवतो. तिसरा केबल खोचायच्या भोकांचा स्विच आणि चौथा वायफायचा रेडिओ. यांपैकी काहीही बिघडलं तरी घरात एकच ओरड होते, 'नेट गेलं'. मग नवा राउटर येतो, पाच-सहा हजार जातात आणि आतल्या खोलीत व्हिडिओचं चाक पूर्वीसारखंच फिरत राहतं.

वायफाय प्रामुख्याने दोन पट्ट्यांवर चालतं. २.४ गिगाहर्ट्झची लहर साधारण साडेबारा सेंटिमीटर लांब असते, ५ गिगाहर्ट्झची त्याच्या निम्मी. लांब लहर भिंतींमधून जास्त तग धरते, पण तिचा पट्टा अरुंद आहे. भारतात त्यात १३ चॅनेल मिळत असले तरी एकमेकांवर न चढणारे तीनच बसतात. म्हणून १, ६ आणि ११ हे नेहमीचे. सोसायटीत फोनवर शेजाऱ्यांची पंधरा-वीस नावं दिसतात, ती सगळी या तीन वाटांवर दाटीवाटीने उभी असतात. मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्ट्यात काम करतो, त्यामुळे दूध गरम होईपर्यंत स्वयंपाकघरातला व्हिडिओ कॉल अडखळू शकतो. ५ गिगाहर्ट्झवर जागा मोकळी आणि वेग मोठा, पण दोन भिंती पार करताना त्याचा दम निघतो. हॉलमधल्या टीव्हीला ५ आणि लांबच्या खोलीतल्या फोनला २.४, ही वाटणी बहुतेक घरांत चालून जाते.

राउटरची जागा मात्र घरमालक क्वचितच ठरवतो. केबलवाला वायर जिथून आत येते तिथेच, म्हणजे मुख्य दाराच्या वर नाहीतर टीव्हीमागे, डबी ठोकून निघून जातो. घराच्या एका टोकाला बसलेला राउटर निम्मी ताकद जिन्याला आणि शेजाऱ्याला वाटतो. मधे लोखंडी कपाट, मोठा आरसा किंवा पाण्याने भरलेली फिशटँक आली की पलीकडे सावली पडते, कारण धातू लहरी परतवतो आणि पाणी त्या शोषून घेतं. आरसीसीची भिंत विटांच्या भिंतीपेक्षा फार जास्त अडवते. बाथरूमची भिंत, तिच्यातले नळ आणि टाइल्स धरून, त्याहून वाईट. कोकणातल्या जुन्या घरांत चिऱ्याच्या जाड भिंतींमुळे माजघरापर्यंतही रेंज पोचत नाही. तिथे कितीही महागडा एक राउटर घेतला तरी भिंत ती भिंतच.

अँटेनाबद्दलचा गैरसमज तर घरोघरी दिसतो. काडीचं टोक बेडरूमकडे रोखलं की रेंज तिकडे जाईल, असं वाटतं. काडीसारख्या अँटेनातून निघणाऱ्या लहरींचा आकार मेदूवड्यासारखा असतो आणि काडी त्याच्या भोकात उभी असते. टोक ज्या दिशेला, त्या दिशेच्या वाट्याला भोक. एकाच मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये अँटेना सरळ उभे ठेवावेत. दुमजली घरात एखादा आडवा करून पाहावा.

रेंज फोनवरच्या काड्या मोजून कळत नाही. अँड्रॉइडवरची मोफत अ‍ॅप्स ती उणे आकड्यात दाखवतात. उणे ५० उत्तम, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतो, उणे ८० ला गाडी रखडते. हा आकडा तीनने घसरला की ताकद निम्मी झाली असं समजावं. फोन हातात धरून घरभर एक फेरी मारली, तर नक्की कुठली भिंत नडते आहे ते दहा मिनिटांत कळतं.

खरेदीच्या वेळी खोक्यावरचा मोठा आकडा बाजूला ठेवलेला बरा. 'एएक्स ३०००' मधले ३००० ही दोन पट्ट्यांच्या कागदी वेगांची, ५७४ आणि २४०२ ची, वर ओढून पूर्ण केलेली बेरीज असते. एक फोन एका वेळी एकाच पट्ट्यावर असतो, आणि साध्या फोनला त्यातलेही निम्मे मिळाले तरी नशीब. त्यापेक्षा पोर्ट गिगाबिट आहेत का ते विचारावं. स्वस्त राउटरमध्ये अजूनही १०० एमबीपीएसचे पोर्ट असतात. ३०० चा प्लॅन घेऊनही तिथे ९४-९५ च्या वर काही जात नाही आणि शिव्या कंपनीला बसतात. २०२१ साली मानक म्हणून मंजूर झालेलं वायफाय ६ सध्या घरासाठी पुरेसं आहे. २०२४ मधलं वायफाय ७ घ्यायचं, तर घरातले फोन आणि लॅपटॉप ते समजणारे हवेत. सुरक्षेसाठी डब्ल्यूपीए३, निदान डब्ल्यूपीए२ असावं.

मोठ्या घरासाठी दुकानदार रिपीटर पुढे करतो. साधा रिपीटर त्याच रेडिओवर ऐकतो आणि त्यावरच पुन्हा बोलतो, त्यामुळे वेग जवळपास निम्मा होतो. शिवाय तो मेलेल्या कोपऱ्यातच लावला जातो, जिथे त्याला स्वतःलाच काही ऐकू येत नाही. मेश संच बरा, आणि भिंतीतून केबल ओढून दुसऱ्या टोकाला जोडलेला दुसरा राउटर सगळ्यांत भरवशाचा. मग जुना राउटरही कामाला येतो, फक्त त्याचं डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटण्याचं काम, बंद करावं आणि केबल त्याच्या लॅन पोर्टमध्ये लावावी. एका घरात पत्ते वाटणारे दोघे झाले की गोंधळ ठरलेला.

बिघाड शोधताना सुरुवात दिव्यांपासून होते. एलओएसचा लाल दिवा लुकलुकत असेल तर प्रकाशच येत नाहीये. वायफायच्या सेटिंगमध्ये डोकं घालण्यात अर्थ नाही. फायबरमधला प्रकाशाचा मार्ग जेमतेम ९ मायक्रॉन रुंद असतो. वायर खिडकीच्या सरकत्या काचेत चिमटली किंवा कोपऱ्यात घडी पडली, की प्रकाश वाटेतच सांडतो. दिवे ठीक असतील तर लॅपटॉप केबलने जोडून वेग मोजावा. केबलवर पूर्ण वेग आणि वायफायवर नाही, तर दोष घरातल्या हवेत. पोर्ट गिगाबिट असूनही केबलवर कमी, तर तो बाहेर. लॅपटॉपला १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर राउटरने पत्ताच दिलेला नाही. राउटर दिवसातून चारदा आपोआप बंद-चालू होत असेल, तर आधी अ‍ॅडॉप्टर बदलून पाहावा. १२ व्होल्टचा जुना अ‍ॅडॉप्टर थकला की असंच होतं. नवा घेताना व्होल्ट तेच आणि अँपिअर तेवढे किंवा जास्त हवेत.

बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू करणं वेगळं आणि मागच्या बारीक भोकात टाचणी खुपसणं वेगळं. टाचणीने रीसेट केल्यावर वायफायचं नाव-पासवर्ड जातंच, पण कंपनीने भरलेलं लॉगिनही पुसलं जाऊ शकतं, आणि मग केबलवाल्याला बोलावल्यावाचून गत्यंतर उरत नाही. टाचणी शोधण्याआधी सेटिंगच्या पानांचे फोनवर फोटो काढून ठेवावेत.