धरणांतले मासे आणि चढणीचे दिवस

ब्रह्मगिरीवर उगम पावून पूर्वेकडे वळणारी गोदावरी आणि पुढे तिला येऊन मिळणाऱ्या दारणा, कादवा या नद्या यांच्यावर गेल्या सव्वाशे वर्षांत जे बांध पडले, त्यांच्यामुळे, जेथे निसर्गाने एकही विस्तीर्ण सरोवर घडविले नव्हते त्या नाशिक जिल्ह्यात गोड्या पाण्याच्या जलाशयांची एक मालिकाच निर्माण झाली आहे. नांदूर-मधमेश्वरचा बंधारा विसाव्या शतकाच्या आरंभीचा, दारणा धरण १९१६ चे, गंगापूरचे मातीचे धरण १९६५ चे. आणि पुढे गंगापूरच्याही वरच्या अंगाला काश्यपी व गौतमी-गोदावरी ही धरणे झाली. ही सारी उभारणी झाली ती उसासाठी, बागायतीसाठी आणि शहराच्या नळांसाठी. माशांचा विचार तीत कोणी केलेला नव्हता, आणि तरीही नदीच्या डोहांतून पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या माशांना एकाएकी अनेक पटींनी अधिक पाणी लाभले. ते पाणी त्यांना मानवले की नाही, हा प्रश्न मात्र वाटतो तितका सोपा नाही.

दारणेच्या काठी गळ टाकून बसणाऱ्या हौशी माणसाला पहिली जिज्ञासा असते ती एवढीच, की या पाण्यात मासा आहे तरी किती. जलाशय उपसून मासे मोजता येत नाहीत. म्हणून मत्स्यशास्त्रज्ञ जी युक्ती योजतात तिचे श्रेय डेन्मार्कच्या पेटरसन या संशोधकाकडे जाते, ज्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस समुद्रातील चपट्या माशांना खुणेचे बिल्ले लावून पुन्हा पाण्यात सोडले होते. समजा, जाळ्यात सापडलेल्या पाचशे कटल्यांच्या परांचे टोक किंचित छाटून ते परत सोडले, आणि काही आठवड्यांनी धरलेल्या दोनशे कटल्यांत खुणेचे दहाच निघाले, तर विसांत एक खुणेचा असा त्याचा अर्थ, व म्हणून जलाशयातील कटले सुमारे दहा हजार. या गणिताला मुख्य अट अशी की मधल्या काळात माशांची ये-जा होता कामा नये. आणि आमच्या धरणांत तीच अट मोडते, कारण पावसाळ्यात दरवाजे उघडले की पाण्याबरोबर मासेही खाली वाहून जातात. म्हणून ही शिरगणती पाऊस सरल्यावर, दरवाजे बंद असताना केली तरच तिला काही मोल.

पाणी अधिक म्हणजे मासे अधिक, ही समजूतही तितकीशी खरी नाही. कॅनडातील उत्तरेकडच्या सरोवरांचा अभ्यास करून रायडर या शास्त्रज्ञाने १९६५ मध्ये असे दाखवून दिले की पाण्यात विरघळलेल्या क्षारांच्या प्रमाणास सरोवराच्या सरासरी खोलीने भागले असता जो आकडा येतो, त्यावरून त्या सरोवराच्या वार्षिक मत्स्योत्पन्नाचा अंदाज बांधता येतो. अर्थात क्षार पुष्कळ व खोली थोडी, तेथे मासा विपुल. ऑक्टोबरात काठोकाठ भरलेली आणि मे महिन्यात तळाशी गेलेली आमची धरणे त्या उत्तरेच्या सरोवरांप्रमाणे स्थिर नसल्यामुळे तो हिशेब येथे जसाच्या तसा लागू पडत नाही. परंतु त्यातील तत्त्व खरे आहे. सूर्यप्रकाश तळापर्यंत पोचतो तेथे शेवाळ व सूक्ष्म जीव वाढतात आणि त्यांच्यावर मासा पोसला जातो, म्हणूनच गाळाने उथळ झालेले नांदूर-मधमेश्वरचे पाणी खोल धरणांच्या मानाने जीवसृष्टीने अधिक गजबजलेले असते.

आता या पाण्यातला मासा कोणता, ते पाहू. थर्माकोलच्या तराफ्यावर किंवा हवा भरलेल्या ट्यूबवर बसून पहाटे जाळी काढणारा मच्छीमार काठाला लागतो तेव्हा त्याच्या पाटीत बहुधा कटला, रोहू, मृगळ आणि सायप्रिनस यांचाच भरणा असतो, आणि तळाशी मूठभर चिलापी. यांपैकी एकही मासा मूळचा येथला नव्हे. पहिले तीन गंगेच्या खोऱ्यातले, सायप्रिनस परदेशचा, आणि चिलापी तर आफ्रिकेतून १९५२ मध्ये भारतात आणलेली. कटला, रोहू व मृगळ साठलेल्या पाण्यात अंडी घालीत नाहीत, त्यांना पुराचे वाहते पाणी लागते. म्हणून दरसाल त्यांची बोटुकली आणून सोडावी लागतात. १० जुलै १९५७ रोजी डॉ. हिरालाल चौधुरी यांनी ओडिशात माशांच्या मस्तकातील पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून या जातीच्या माद्यांकडून बंदिस्त पाण्यात अंडी घालवून घेतली, आणि तेव्हापासून नदीतून मत्स्यजिरे गोळा करीत हिंडण्याची यातायात संपली. मच्छीमार सहकारी संस्थांचे धरणांवरील इजारे या बोटुकल्यांच्या आधारावर चालतात, अनेक कुटुंबांच्या चुली त्यावर पेटतात, आणि त्यात गैर काही नाही. परंतु सोडलेल्या माशांची संख्या हीच जलाशयाची संपत्ती असे सरकारी दप्तर मानू लागले, की जे मासे कोणी सोडलेले नाहीत त्यांची नोंद कोणाच्याच वहीत राहत नाही. माझा सारा जीव गुंतला आहे तो या न नोंदलेल्या माशांत.

मुंबई सरकारच्या सेवेत असताना दख्खनच्या प्राणिसृष्टीची पाहणी करणाऱ्या कर्नल साइक्सने १८३९ मध्ये दख्खनच्या नद्यांतील माशांची जी शास्त्रीय वर्णने प्रसिद्ध केली, त्यांत पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील खुद्री या महसीराचे वर्णन आहे. हा मोठ्या खवल्यांचा, बळकट, प्रवाहाशी झुंजणारा मासा, गळकऱ्यांच्या जगात ज्याला मान आहे असा. रोहूची मादी वजनाच्या दर किलोमागे दोन-तीन लाख अंडी घालते आणि ती दिवसाभरात फुटतात. खुद्रीची अंडी त्या मानाने मोजकीच, काही हजार, पिवळसर सोनेरी आणि बलकाने भरलेली. ती फुटायला तीन-चार दिवस लागतात, आणि बाहेर आलेले पिल्लू कित्येक दिवस तळाच्या दगडांआड अंधारात पडून राहते. इतक्या धिम्या गतीने वाढणाऱ्या कुळाला एका हंगामातील उच्छेदही भरून काढता येत नाही. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या सुमारास या माशाची कृत्रिम पैदास आरंभिली, आणि तीमागे राज्याचे माजी मत्स्यव्यवसाय संचालक डॉ. चं. वि. कुलकर्णी यांचे संशोधन होते, ही महाराष्ट्राने अभिमानाने सांगावी अशी गोष्ट आहे.

दुसरा मासा बाजारात कधीच येणार नाही इतका लहान आहे. देवळालीजवळ दारणा नदीत सापडलेल्या या माशाचे वर्णन १९३८ मध्ये होरा आणि मिश्रा या प्राणिशास्त्रज्ञांनी केले, आणि मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीचे क्युरेटर प्रेटर यांचे नाव त्याला दिले. तोंड खालच्या बाजूस असलेल्या, दगडांवरचे शेवाळ खरवडून खाणाऱ्या, वाहत्या पाण्यात राहणाऱ्या कुळातला हा जीव आज जागतिक यादीत ‘अतिसंकटग्रस्त’ म्हणून नोंदला गेला आहे. नांदूर-मधमेश्वर हे महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून जानेवारी २०२० मध्ये जाहीर झाले, तेव्हा त्याच्या महत्त्वाच्या कारणांत गिधाडांबरोबर या देवळालीच्या माशाचेही नाव घेतले गेले. पक्षी पाहायला तेथे हजारो लोक जातात; माशाची आठवण ठेवून जाणारा विरळाच.

या देशी माशांचे भवितव्य ठरते ते मृग आणि आर्द्रा नक्षत्रांच्या थोड्या दिवसांत. पहिल्या पुराचे गढूळ, गार पाणी ओढ्यांतून जलाशयात उतरू लागले की गाभोळीने भरलेल्या माद्या त्या प्रवाहाच्या उलट दिशेने वर निघतात. हेच चढणीचे मासे. पाणी वीतभर, मासा पाठ उघडी टाकून दगडांवरून सरकत असतो, आणि नेमक्या त्याच वेळी काठीने, पागाने, टोपलीने त्याला कोणीही धरू शकतो. त्या एका मादीबरोबर किती हजार पिल्ले संपली याचा हिशेब कोणी मांडीत नाही. जे यातून वाचतात त्यांची वाट पुढे धरणाची भिंत अडविते. स्कॉटलंडमधील पिटलॉख्री धरणाच्या बाजूने सामन माशांसाठी चौतीस कुंडांची पायरी बांधलेली आहे. आमच्या धरणांच्या भिंतींत अशी तजवीज केलेली नाही, आणि म्हणून वरच्या ओढ्यांची मुखे हीच देशी माशांची उरलेली सूतिकागृहे आहेत. नाशिक शहराखाली गोदावरीत सांडपाणी शिरते, त्यावर पानवेली माजतात, रात्री पाण्यातला प्राणवायू घटत जाऊन पहाटे तो सर्वांत कमी होतो, आणि मासे पृष्ठभागी येऊन तोंडे वासू लागतात. ती आपत्ती निराळी आणि मोठी आहे, तिच्यासाठी स्वतंत्र लेख हवा.

गळाची हौस असणाऱ्यांना चार गोष्टी सांगणे माझे कर्तव्य आहे. पाऊस ओसरून पाणी निवळते तो ऑक्टोबर-नोव्हेंबरचा काळ उत्तम; निफाडकडची थंडी कडाडली की मासा मंदावतो, खाणे टाकतो आणि फातना तासन्‌तास हलत नाही; उन्हाळ्यात पाणी आकसून मासा एकवटतो. कटला-रोहूला कणीक व शेंगदाण्याची पेंड, वामीला गांडूळ, मरळीला लहान मासा. मात्र मरळीजवळ लालसर पिल्लांचा थवा पृष्ठभागी दिसला, तर तेथून गळ काढून घ्यावा. आईबाप त्या थव्यावर पहारा करीत असतात आणि राखणदार गेला की सारा थवा इतर माशांच्या तोंडी जातो. नांदूर-मधमेश्वर अभयारण्याच्या हद्दीत गळ टाकू नये. सुरुंग व विष यांना तर १८९७ च्या कायद्यानेच मनाई केलेली आहे.

आणि मृगापासून ऑगस्ट अखेरपर्यंत ओढ्यांच्या मुखाशी ना गळ, ना जाळे, ना काठी, हा नियम प्रत्येकाने स्वतःला घालून घ्यावा. मत्स्यव्यवसाय खात्याने धरणांच्या इजाऱ्याच्या शर्तींत हे कलम ठळक अक्षरांत ठेवावे, संस्थांनी त्याची राखण करावी, आणि सोडलेल्या बोटुकल्यांच्या आकड्याशेजारी वहीत एक रकाना देशी माशांसाठी येत्या पावसाळ्यापासूनच उघडावा.