रुग्णालय विकताना हित कोणाचे पाहायचे?

आटपाडीतल्या शेतमजुराला मोठे दुखणे लागले, की गाडी बहुतेक वेळा मिरज-सांगलीकडे वळते. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत सुरू केलेल्या मिशन रुग्णालयापासून या गावाची ओळख रुग्णसेवेसाठी झाली. धर्मादाय रुग्णालयाला मालक नसतो, फक्त विश्वस्त असतात. ते देणग्यांवर, करसवलतींवर, कधी सरकारी जमिनीवर उभे राहते. म्हणूनच ते नफ्यासाठी चालणाऱ्या कंपनीकडे जाते, तेव्हा तो केवळ देणाऱ्या-घेणाऱ्यांतला व्यवहार उरत नाही. ज्याच्यासाठी ते उभारले, तो रुग्णही त्यात पक्षकार असतो.

महाराष्ट्राचा कायदा हे अर्धेच ओळखतो. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६ नुसार स्थावर मालमत्ता विकायला किंवा इमारत ३ वर्षांहून अधिक काळ भाड्याने द्यायला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. ती देताना कसोटी असते विश्वस्त संस्थेच्या हिताची आणि मालमत्तेच्या रक्षणाची. जागेला रास्त भाव आला का, हे त्यातून कळते. तिथले उपचार गरिबाला पुढेही परवडतील का, हे कळत नाही. कलम ४१ अअ प्रमाणे धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या असतात. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार त्यासाठी बिलांच्या २ टक्के रक्कम वेगळ्या निधीत ठेवावी लागते. पण हे बंधन संस्थेवर आहे, भिंतींवर नाही. भिंती कंपनीच्या झाल्या, की त्या खाटा कोणाच्या जबाबदारीवर राहणार?

यावर आक्षेप घेतला जातो, की अनेक जुन्या संस्थांकडे भांडवल नाही. परवानगी कडक केली तर रुग्णालयाला कुलूपच लागेल. हा आक्षेप खरा आहे, कारण बंद रुग्णालय कोणाच्याच उपयोगाचे नाही. पण त्यातून विक्रीची गरज सिद्ध होते, अटींशिवाय विक्रीची नाही. कॅलिफोर्नियात ब्लू क्रॉस ही ना-नफा आरोग्यविमा संस्था कंपनी झाली, तेव्हा १९९६ मध्ये ३ अब्ज डॉलरहून अधिक संपत्ती दोन लोकोपयोगी प्रतिष्ठानांकडे गेली. मेरीलँडमध्ये केअरफर्स्ट या अशाच विमा संस्थेचा कंपनी होण्याचा प्रस्ताव २००३ मध्ये विमा आयुक्तांनी लोकहिताचा नाही म्हणून फेटाळला. परवानगीत अट घालण्याचा आणि नकार देण्याचा असे दोन्ही अधिकार हवेत. विलंबाची भीती असेल, तर निर्णयाला मुदत घालता येते.

तेव्हा तीन गोष्टी कायद्यात याव्यात. विक्रीचा पैसा आरोग्यसेवेतच राहावा. मोफत खाटांचे बंधन मालमत्तेबरोबर नव्या मालकाकडे जावे. आणि सुनावणीची नोटीस जिल्ह्याच्या गावापुरती न राहता आटपाडीच्या तहसील कचेरीतही लागावी. रुग्णालय मिरजेत असले, तरी त्याच्यावर विसंबून राहणारी माणसे आटपाडीसारख्या माणदेशातल्या गावांत आहेत. त्यांचे म्हणणे न ऐकता दिलेली परवानगी अपुरीच ठरेल.