लिपी नसलेल्यांचा इतिहास : कुस्को नगरी आणि तिच्या परिसरातील अवशेष

इतिहासाच्या तासाला प्राचीन संस्कृतींचा पाठ चालू असता आमच्या शाळेतील एका विद्यार्थ्याने विचारले, ‘‘सर, ज्यांना लिहिता येत नव्हते, त्यांना इतिहास असतो का?’’ त्या तासाला मी त्याचे समाधान करू शकलो नाही. पुढे इंका लोकांच्या राजधानीविषयी वाचन करीत असता त्या प्रश्नाचे उत्तर मला गवसले. शिक्षकवर्गास ते उपयोगी पडेल, या भावनेने येथे मांडीत आहे.

दक्षिण अमेरिकेतील पेरू देशात, आंदीज पर्वताच्या कुशीत, समुद्रसपाटीपासून सुमारे ३,४०० मीटर उंचीवर कुस्को ही नगरी वसली आहे. इंकांच्या राज्याचे नाव ‘तावांतिनसुयू’, म्हणजे चार प्रांतांचा मेळ. आणि या चारही प्रांतांकडे जाणारे रस्ते कुस्कोच्या मध्यवर्ती चौकातून निघत. पंधराव्या शतकात पाचाकुती या राजाने नगरीची नव्याने रचना केली, असे परंपरा सांगते. १५३३ साली फ्रान्सिस्को पिझारोच्या नेतृत्वाखाली स्पॅनिश सैन्य येथे शिरले व ते राज्य मोडले. आज येथे येणाऱ्या प्रवाशास स्थानिक वाटाड्या एका दिवसात शहरातील सूर्यमंदिर आणि उत्तरेकडील डोंगरावरचे चार अवशेष दाखवून आणतो. त्याच क्रमाने आपणही जाऊ.

सूर्यमंदिराचे नाव ‘कोरिकांचा’, म्हणजे सुवर्णाचे आवार. त्याच्या भिंतींना सोन्याचे पत्रे जडविलेले होते. अताहुआल्पा या बंदिवान राजाच्या सुटकेची खंडणी म्हणून ते उचकटून नेण्यात आले. राजाला मात्र सोडण्याऐवजी ठार मारण्यात आले. पुढे मंदिराच्या भिंतींवरच डोमिनिकन पंथाचा मठ उभारला गेला. २१ मे १९५० रोजी कुस्कोत मोठा भूकंप झाला. मठाचा बराच भाग कोसळला. परंतु त्याच्या पोटात दडलेल्या इंका भिंती उभ्याच राहिल्या व शेकडो वर्षांनी उजेडात आल्या. या भिंती आत किंचित झुकलेल्या आहेत आणि दारे व कोनाडे खाली रुंद, वर अरुंद आहेत. त्यांच्या टिकाऊपणाचे मर्म या रचनेत व दगडांच्या घट्ट सांध्यांत आहे.

तेथून जवळच हातुनरुमियोक नावाची अरुंद गल्ली आहे. तिच्या एका भिंतीत बारा कोनांचा एक प्रसिद्ध दगड बसविलेला आहे. शेजारचा प्रत्येक दगड त्याच्या कोनांशी तंतोतंत जुळवून घेतला आहे. चुना वा अन्य कोणताही लेप नाही. दोन दगडांच्या फटीत सुरीचे पातेही शिरत नाही, हे वाटाड्याचे ठरलेले वाक्य येथे ऐकू येते. असा हा दगड भूकंपांत टिकला. पण २०२५ च्या फेब्रुवारीत एका इसमाने हत्याराचे घाव घालून त्याचे टवके उडविले. निसर्गाच्या कोपाहून माणसाचा अविचार कधी कधी अधिक घातक ठरतो, तो असा.

शहरामागील टेकडीवर साक्सायवामान आहे. नागमोडी वळणांच्या तीन भिंती एकीवर एक अशा टप्प्याटप्प्याने उभ्या असून त्यांची लांबी सुमारे ४०० मीटर भरते. त्यांतील सर्वांत मोठ्या चुनखडकाच्या शिळांचे वजन शंभर टनांहून अधिक असावे, असा अंदाज आहे. स्पॅनिशांनी याला किल्ला म्हटले आणि १५३६ साली मांको इंकाने कुस्कोला वेढा घातला तेव्हा येथे घनघोर युद्धही झाले. तथापि हे केवळ लढाईचे ठाणे नव्हते. पूजाविधी व धान्यवस्त्रांची साठवण यांसाठीही ते वापरले जाई, असे अभ्यासकांचे मत आहे. वेढा उठल्यावर विजेत्यांनी येथील दगड काढून शहरात देवळे व वाडे बांधले. जे हलविता आले नाहीत तेच आज उरले आहेत. आपण पाहतो तो मूळ वास्तूचा एक अंशच होय.

एवढ्या शिळा लोखंडी हत्यारे नसताना व गाड्यांची चाके ठाऊक नसताना कोणी रचल्या? येथेच कल्पनेचे घोडे उधळतात. दगड वितळविण्याची गुप्त विद्या, परग्रहावरचे प्राणी, अशा नाना कथा प्रवाशांच्या कानी पडतात. आपल्याकडे चुन्यावाचून बांधलेली हेमाडपंती देवळे पांडवांनी एका रात्रीत उभारली, असे गावोगाव सांगतात, त्यातलाच हा प्रकार. अशा कथा गोड खऱ्या. परंतु पाथरवटाच्या श्रमाचे श्रेय त्या हिरावून घेतात.

वस्तुतः उत्तर उपलब्ध आहे. सोळाव्या शतकातील स्पॅनिश बखरकार सिएझा दे लेओन लिहितो, की प्रांताप्रांतांतून बोलाविलेले वीस हजार लोक या कामावर होते. चार हजार खाणीत दगड काढीत आणि सहा हजार मोठ्या दोरांनी ते ओढून आणीत. हे लोक पाळीपाळीने येत. राज्याला द्यावयाचा कर ते श्रमाच्या रूपाने फेडीत. झां-पिएर प्रोत्झेन या वास्तुशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्वतः प्रयोग करून दाखविले, की नदीतल्या कठीण गोट्यांनी ठोकून दगडाला हवा तो आकार देता येतो. पृष्ठभागावर मोठे खळगे आणि कडांशी बारीक खळगे, असे या ठोकण्याचे व्रण इंका दगडांवर आजही दिसतात. ज्याला ते ओळखता येतात त्याला भिंत वाचता येते.

पुढची तीन ठिकाणे लहान, पण बोलकी आहेत. केंको म्हणजे नागमोडी. येथे एका अखंड खडकात पायऱ्या, वळणावळणाचा पन्हळ आणि पोटात ओट्यासारखी बैठक असलेली गुहा कोरली आहे. पुका पुकारा म्हणजे तांबडा किल्ला. नाव किल्ल्याचे असले तरी वाटेवरील पहारा व मुक्काम यांसाठी त्याचा उपयोग होत असावा. शेवटी तांबोमाचाय. डोंगरातील झऱ्याचे पाणी दगडी पन्हळांतून एका टप्प्यावरून दुसऱ्यावर पडते आणि ते आजही वाहते आहे. वाटाडे याला राजाचे स्नानगृह म्हणतात. पाण्याची पूजा हा त्याचा हेतू असावा, हे मत अधिक पटते.

दगडांखेरीज आणखी दोन साधने आहेत. एक दोर. ‘किपू’ नावाच्या दोऱ्यांच्या जुडग्यात गाठी मारून इंका हिशेब ठेवीत. या गाठी दशमान पद्धतीने संख्या दर्शवितात, हे लेलंड लॉक या अभ्यासकाने १९१२ साली दाखवून दिले. दुसरे साधन शब्द. इंका राजघराण्यातील माता व स्पॅनिश पिता यांच्या पोटी १५३९ साली कुस्कोत जन्मलेल्या गार्सिलासो दे ला वेगाने आईच्या नातलगांकडून ऐकलेला वृत्तान्त स्पेनमध्ये बसून लिहिला व १६०९ साली तो प्रसिद्ध झाला. साक्सायवामानच्या शिळा पाहून हे माणसांचे नव्हे, भुतांचे काम वाटावे, असे त्यानेही नमूद केले आहे. तो चमत्कार अखेर माणसांच्याच हातचा होता. वर सांगितलेली स्थळनामे ज्या केचुआ भाषेतील आहेत, ती आज लक्षावधी लोकांच्या मुखी आहे. तिच्यासाठी कुस्कोत १९५३ साली अकादमी स्थापन झाली आणि १९७५ साली पेरूने तिला राजभाषेचा दर्जा दिला. मातृभूमीपासून दूर राहून मराठी जतन करणाऱ्या आपल्यासारख्यांना या गोष्टीचे मोल वेगळे सांगावयास नको.

त्या विद्यार्थ्याला आज मी असे सांगेन : लिहिता येत नाही म्हणून इतिहास नसतो असे नाही, तो वाचावयास आपण शिकलेलो नसतो, इतकेच. दगडावरचा व्रण, दोरीची गाठ आणि गावाचे नाव ही त्याची अक्षरे होत. आपल्या गावाजवळच्या पडक्या देवळाकडे वर्ग नेऊन ‘हे कोणी बांधले?’ असे विचारावे, आणि ‘पांडवांनी’ असे उत्तर आले तर दगडावरील छिन्नीच्या खुणेवर मुलांचे बोट ठेवावे. इतिहासाचा पाठ तेथून सुरू होतो.