पाठीवरचें बिऱ्हाड आणि विजेची मोटार

'विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर' अशी आपणांत म्हण आहे. ज्याला घर ना दार, अशा मनुष्याच्या अस्थिर संसाराला उद्देशून ती योजितात. परंतु उत्तर अमेरिकेंत असे पुष्कळ लोक आहेत कीं, जे कोणी हौसेनें, तर कोणी घरभाडें परवडेना म्हणून, आपलें बिऱ्हाड बरोबर घेऊन बारा महिने हिंडत असतात. निजण्याची जागा, चूल, न्हाणी व पाण्याची टाकी हें सर्व चाकांवरच्या एका खोलींत बसविलेलें असतें व ती खोली मोटारीमागें जोडून ओढीत नेतात. अलीकडे यांपैकीं कांहीं जणांनीं पेट्रोलच्या मोटारीऐवजीं विजेची मोटार पुढें जुंपली आहे. हा संसार कसा चालतो व त्यांत अडचण नेमकी कोठें येते, हें थोडक्यांत सांगण्याचा येथें विचार आहे.

विजेच्या मोटारीला एवढा भार ओढवणार नाहीं, अशी प्रथम समजूत होते. पण ती खरी नव्हे. विजेचें यंत्र जागेवरूनच पूर्ण जोर लावतें. फोर्ड कंपनीनें २०२२ सालीं विक्रीस आणलेली 'एफ-१५० लायटनिंग' ही मोटार, योग्य सामग्री जोडली असतां, १०,००० पौंड म्हणजे सुमारे ४,५०० किलो वजन ओढूं शकते. अडचण जोराची नसून शिदोरीची आहे. या मोटारीच्या मोठ्या बॅटरींत १३१ युनिट वीज मावते. एक लिटर पेट्रोलांत सुमारे ९ युनिट शक्ति असते. म्हणजे ही सारी शिदोरी पंधरा लिटर पेट्रोलाएवढीच झाली! याच जातीच्या पेट्रोलवरील मोटारीच्या टाकींत नव्वद-शंभर लिटर सहज मावतें. विजेचें यंत्र फार काटकसरी असल्यामुळें एवढ्याशा शिदोरीवरही ती मोटार एकटी असतांना सुमारे ५१५ किलोमीटर जाते. परंतु मागें पेटीसारखें उंच घर जोडलें कीं हें अंतर निम्म्यावर, आणि कधीं कधीं त्याहूनही खालीं येतें.

हें वजनामुळें होतें काय? कांहीं अंशीं होय; विशेषतः चढावर वजन जाणवतें. परंतु उतारावर तेंच यंत्र जनित्र बनतें व चढावर खर्चलेल्या शक्तीचा कांहीं भाग बॅटरींत परत येतो. वाऱ्याशीं झुंजण्यांत गेलेली शक्ति मात्र कधींच परत मिळत नाहीं. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो, हें विद्यार्थिमित्रांनीं ध्यानांत घ्यावें. ताशीं ८० किलोमीटरांऐवजीं १०० किलोमीटर वेगानें गेल्यास वेग सव्वापट होतो, पण विरोध दीडपटीहूनही अधिक होतो. म्हणून जाणते प्रवासी ठेंगणें व गोलसर तोंडाचें घर निवडतात, आणि सावकाश जातात.

आतां एका मजलेचा हिशेब मांडूं. ५१५ चे निम्मे सुमारे २५५ किलोमीटर. बॅटरीचा खालचा दहावा हिस्सा अडीअडचणीसाठीं राखावा लागतो. आणि वीज त्वरेनें भरण्याच्या ठाण्यावर शेंकडा ८० च्या पुढें भरण्याचा वेग मंदावतो, म्हणून बहुतेक लोक तेथेंच थांबतात. राहिले शेंकडा ७०, म्हणजे सुमारे १८० किलोमीटर. त्यांतही पुष्कळ ठाण्यांवरील जागा एका मोटारीपुरतीच असते. तेव्हां मागचें घर सोडावयाचें, बाजूस उभें करावयाचें, वीज भरावयाची व पुन्हां जोडावयाचें, हा खटाटोप दर टप्प्याला करावा लागतो.

चार दिवसांच्या सुटींत हजार किलोमीटर गांठूं पाहणारा मनुष्य याला कंटाळून जातो. उलट, ज्याचें घरच चाकांवर आहे त्याला घाई कसली? तो दीडशें किलोमीटर जातो व आठ दिवस मुक्काम करितो. मुक्कामाच्या तळांवर वीज देणारे खांब असतात. २४० व्होल्ट व ५० अँपिअरच्या खांबावरून सतत ४० अँपिअर घेतां येतात. म्हणजे तासाला ९·६ युनिट व दहा तासांच्या रात्रींत ९६ युनिट. तथापि त्याच खांबावर त्याच वेळीं घरांतलें वातानुकूलन यंत्र चालवितां येत नाहीं. शिवाय कांहीं तळांवर मोटारींत वीज भरण्यास मनाई असते, तर कांहीं ठिकाणीं वेगळें भाडें पडतें. म्हणून आगाऊ विचारलेलें बरें.

छपरावर सूर्यशक्तीचे पत्रे बसविले कीं प्रवास फुकट होईल, असेंही पुष्कळांस वाटतें. एक किलोवॉटचे पत्रे चांगल्या उन्हांत दिवसाला चार-पांच युनिट वीज देतात. आणि घर ओढतांना मोटारीला दर किलोमीटरास अर्धें युनिट लागतें. म्हणजे दिवसाच्या उन्हावर आठ-दहा किलोमीटरांची मजल! तीच वीज दिवे, पंप व शीतकपाट यांस मात्र पुरते. अशा नव्या मोटारी अद्याप महाग आहेत, हेंही विसरतां कामा नये. घरभाडें परवडेना म्हणून जो रस्त्यावर आला, त्याच्या आवांक्यांत त्या सहसा नसतात.

जर्मनींतील इस्नी गांवीं १९३१ सालीं आरिस्ट डेटलेफ्स या चाबूक बनविणाऱ्या कारखानदारानें, आपल्या चित्रकार पत्नीला प्रवासांत बरोबर राहतां यावें म्हणून, मोटारीमागें ओढण्याचें घर बांधलें. पुढें त्याच नांवाच्या पेढीनें असें घर तयार केलें कीं, ज्याला स्वतःची बॅटरी व चाकें फिरविणारीं यंत्रें आहेत. तें २०२१ सालीं विजेच्या मोटारीमागें इस्नीहून निघालें आणि आल्प्स पर्वत ओलांडून, वाटेंत कोठेंही वीज न भरतां, ३८६ किलोमीटरांवरील इटलींतील गार्डा सरोवराशीं पोहोंचलें. यावरून शास्त्र स्वस्थ बसलेलें नाहीं हें दिसतें. तोंवर या फिरत्या संसाऱ्यांना रोज सकाळीं किती शक्ति आहे, वारा कोणीकडून आहे व आज कोठवर जावें, याचा हिशेब करूनच चाक हलवावें लागतें. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही आपल्या वडिलांची शिकवण त्यांची बॅटरी त्यांना नित्य देत असते. आणि स्थिर घरांत राहणाऱ्या आपणांसही ती घेण्यासारखी आहे.